एलईडीची आकृती छापताना रेझिस्टर वगळू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या विज्ञान पुरवण्यांमध्ये मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेल्या छोट्या संगणकाची, ओळख करून देणारे लेख येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्यांतला पहिला प्रयोग, म्हणजे चिपच्या आउटपुट पिनवरून (प्रवाह बाहेर देणाऱ्या पायावरून) एलईडी चालू-बंद करणे, बहुधा आर्डुइनो हा शिकाऊंसाठीचा तयार बोर्ड गृहीत धरून लिहिलेला असतो आणि सोबतच्या आकृतीत एलईडी कित्येकदा थेट पिनलाच जोडलेला दिसतो. वाचक पुढे तीच आकृती स्वतः आखलेल्या आणि स्वतः सोल्डर केलेल्या बोर्डवर उतरवतो, तेव्हा तिच्यातल्या उणिवा एकेक करून उघड्या पडतात.

सर्वांत मोठी उणीव रेझिस्टरची, म्हणजे प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या रोधकाची. एलईडीवरचा व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर गेला की प्रवाह झपाट्याने वाढतो; लाल एलईडीसाठी ही पातळी सुमारे २ व्होल्ट, निळ्या-पांढऱ्यासाठी सुमारे ३ व्होल्ट असते. पिन ५ व्होल्टची असेल आणि लाल एलईडीला ३३० ओहमचा रेझिस्टर जोडला, तर उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडून प्रवाह साधारण ९ मिलिअँपिअर होतो, जो निव्वळ खुणेच्या दिव्याला पुरून उरतो. रेझिस्टर गाळला तरी एलईडी लागतो, कारण पिनच्या आतल्या ट्रान्झिस्टरला स्वतःचा थोडा रोध असतो, आणि त्यामुळेच चूक लक्षात येत नाही. आर्डुइनो उनो या बोर्डवरच्या एटीमेगा ३२८पी या चिपच्या डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) एका पिनसाठी ४० मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा दिली आहे. हा आकडा रोज वापरायचा नसून कधीही न ओलांडण्याचा आहे, आणि संपूर्ण चिपच्या पुरवठा पिनांसाठी २०० मिलिअँपिअरची वेगळी मर्यादा आहेच. प्रत्येकी २० मिलिअँपिअरचे दहा एलईडी एकदम लावले, की कोणतीही पिन एकटी दोषी नसताना चिप त्या टोकाला जाऊन पोहोचते. आरपी २०४० या चिपमध्ये तर सर्व आउटपुट पिना मिळून ५० मिलिअँपिअरच काढता येतात.

पिन ३.३ व्होल्टची असेल तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो. त्याच ३३० ओहमवर लाल एलईडीला सुमारे ४ मिलिअँपिअर मिळतात व तो नीट दिसतो. निळा मात्र अंधूक लागतो किंवा लागतच नाही, आणि वाचक प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतो.

एलईडी कोणत्या बाजूने जोडायचा, हेही आकृतीने सांगायला हवे. जुन्या ८०५१ घराण्यातल्या चिपच्या साध्या पोर्ट पिना वरच्या पातळीवर असताना जेमतेम काही दशक मायक्रोअँपिअर देऊ शकतात, पण खालच्या पातळीवर असताना काही मिलिअँपिअर आत घेऊ शकतात. म्हणून तेथे रेझिस्टर व एलईडी पुरवठ्याच्या धन टोकापासून पिनकडे जोडतात आणि पिनवर शून्य लिहिले की दिवा लागतो. एसटीएम३२एफ१०३ या चिपची पीसी१३ ही पिन ३ मिलिअँपिअरपुरतीच आहे आणि तिच्यातून बाहेर प्रवाह देऊन एलईडी चालवू नये, असे डेटाशीटमध्येच बजावले आहे. या चिपच्या अनेक छोट्या तयार बोर्डांवरही एलईडी असाच पुरवठ्याकडून पिनकडे जोडलेला असतो, याचे कारण हेच. मोठ्या दिव्यांसाठी मॉसफेट, म्हणजे स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर, वापरावा लागतो, हे बहुतेक लेख सांगतात. परंतु रीसेटनंतर प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत बहुतांश चिपच्या पिना इनपुट अवस्थेत असतात, तेवढा वेळ मॉसफेटचे गेट (त्याला चालू-बंद करणारे टोक) अधांतरी राहते आणि ते खाली धरायला १० किलोओहमचा रेझिस्टर लागतो, एवढे एक वाक्य मात्र राहून जाते.

आता पिनच्या क्रमांकाविषयी. आर्डुइनो उनोवर ‘१३’ म्हणून ओळखली जाणारी पिन डेटाशीटमध्ये पीबी५ असते आणि २८ पायांच्या चिपवर ती १९ वा पाय असते. चौकोनी, ३२ पायांच्या चिपवर हीच पीबी५ १७ व्या पायावर येते. तयार बोर्डवर याची झळ लागत नाही. स्वतःच्या बोर्डवर लेखातले ‘१३’ वाचून तेराव्या पायाला तार जोडणाऱ्याचा एलईडी लागणार नाही, आणि त्यात त्याची चूक काय?

चिपचा वेग ठरवणाऱ्या घड्याळाचेही तसेच आहे. कारखान्यातून आलेली नवी एटीमेगा ३२८पी आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला आठने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. प्रोग्रॅम १६ मेगाहर्ट्झ धरून तयार केला असेल तर एक सेकंदाची उघडझाप सोळा सेकंदांची होते. एवढा वेळ थांबून पाहण्याचा धीर क्वचितच कोणाला असतो. सर्किट बंद आहे असे समजून सांधे उकलायला सुरुवात होते. वास्तविक त्या संथ उघडझापीतूनच फ्यूजची (चिपमधल्या घड्याळ वगैरे ठरवणाऱ्या कायम नोंदींची) मांडणी बदललेली नाही, हे कळून येते.

यास्तव अशा लेखाच्या आकृतीत रेझिस्टरचे मूल्य व पुरवठ्याचा व्होल्टेज, पिनचे डेटाशीटमधले पोर्टनाव, आणि दिवा शून्यावर लागतो की एकावर, एवढे अवश्य छापावे, अशी आपणांस विनंती आहे. जागा अपुरी पडत असेल, तर लुकलुकणाऱ्या बोर्डचे मोठे छायाचित्र थोडे लहान करावे.

आपला,
एक वाचक