डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या जुन्या पॅकेजांचा ‘स्नॅपशॉट’ हा तारीखवार संग्रह सांभाळणाऱ्या मंडळींना

स.न.वि.वि.

आपली ओळख नाही, तरी हे पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही. सिन्नर तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी मोजून आम्ही नकाशे काढतो. 2019 च्या ऑक्टोबरातले नकाशे जसेच्या तसे पुन्हा काढून दाखवायची वेळ आली. आकडे होते, स्क्रिप्टही होती. चालवली, तर पहिल्याच पॅकेजला 404, म्हणजे फाइल जागेवर नाही.

लिंक डेबियनच्या पूलमधली, म्हणजे चालू पॅकेजांच्या साठ्यातली होती. यात दोष कुणाचाच नाही. मिररवरची, म्हणजे या साठ्याची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरवरची जागा लोकांनी देऊ केलेली असते. जी डेब फाइल, म्हणजे पॅकेज, कुठल्याच चालू रिलीजला लागत नाही, ती तिथून काढावीच लागते. आमचं मशीन तेव्हा टेस्टिंगवर, म्हणजे डेबियनच्या पुढच्या रिलीजच्या तयारीतल्या आवृत्तीवर होतं आणि त्यावर जीडॅल हे नकाशांचा डेटा हाताळणारं सॉफ्टवेअर 2.4.2 होतं. बस्टर या रिलीजमध्ये 2.4.0 गेलं, त्यानंतरच्या बुल्सआयमध्ये एकदम 3.2.2. आमचं 2.4.2 या दोन रिलीजच्या मधल्या काळातलं, त्यामुळे जुन्या रिलीजच्या संग्रहातही मिळेना.

नव्या जीडॅलवर चालवून पाहिलं. तिसऱ्या आवृत्तीपासून अक्षांश-रेखांशाचा क्रम बदलला आहे. 19.85 उत्तर, 74 पूर्व इथली विहीर 74 उत्तर, 19.85 पूर्व इथे गेली, म्हणजे नॉर्वेच्याही वर, बेअर बेटाजवळच्या समुद्रात! स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली असती तर ती सिन्नरला परत आली असती. पण मग हाच तो 2019 चा नकाशा, असं मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

तुमच्याकडे पत्त्यातच तारीख-वेळ असते. ऑक्टोबरातला एक दिवस घातला. रिलीज फाइलची (संग्रहाच्या सही केलेल्या यादीची) मुदत संपली म्हणून ॲप्ट हा पॅकेज उतरवणारा प्रोग्राम अडला, तेव्हा सोर्सच्या ओळीत ‘चेक-व्हॅलिड-अनटिल=नो’ लिहिलं. सही तपासली गेली, जीडॅल उतरलं, आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्याही त्याच दिवसाच्या मिळाल्या. रात्री नकाशा निघाला. जुना प्रिंट शेजारी धरला आणि एकेका विहिरीवर बोट ठेवत गेले. सगळ्या जागच्या जागी होत्या.

लिंक जपणं किती अवघड आहे ते मला तेव्हा उमगलं. गूगल कोड ही प्रोग्रामांचा कोड ठेवायची साइट 2016 च्या जानेवारीत बंद झालं, तेव्हा कितीतरी पत्ते निकामी झाले. 30 जानेवारी 2023 ला तर गिटहब या तशाच साइटवरच्या लिंका चालू होत्या, पण आपोआप बनणाऱ्या टार फाइलींचं कॉम्प्रेशन बदललं आणि चेकसम, म्हणजे फाइल तीच आहे हे पडताळायचे आकडे, जुळेनात. तो बदल मागे घ्यावा लागला. पत्ता आणि आतला बाइट न् बाइट, दोन्ही टिकावे लागतात.

तुम्ही 2005 पासूनच्या फाइली अशाच ठेवल्या आहेत, एकेक फाइल तिच्या हॅशवरून, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेल्या खुणेवरून. कधी, कोण, कशासाठी मागेल याचा पत्ता नसताना तुम्ही 2.4.2 ठेवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या स्क्रिप्टमध्ये आता पूलच्या जागी तुमचा पत्ता आहे, तारखेसकट.

आपली,
सिन्नरच्या विहिरींचे नकाशे काढणारी