रात्री बर्फ भुरभुरला

प्रिय मित्रा,

पत्र लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आज पहाटे पडदा सरकवला आणि राहवेना. रात्री बर्फ पडून गेला होता. फार नाही, बोटाचं पहिलं पेरही बुडणार नाही एवढाच.

जाड बर्फ पडला की बांध, खड्डा, वाट सगळं एकसारखं होऊन जातं. या पातळ बर्फाचं मात्र उलटं आहे रे. समोरच्या नांगरलेल्या शेतात सऱ्यांमध्ये पांढरं साचलं होतं आणि वरंबे काळेच होते, अगदी एकेक ओळ मोजून घ्यावी. टेकडीवरून एक जुनी, मोडलेली पायवाट जाते हे मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं! तिच्या खोलगट चाकोरीत बर्फ अडकला, म्हणून आज ती दिसली. गवत पांढरं, पण त्याला लागून असलेली फरसबंदी नुसती ओली. दगड दिवसाची ऊब धरून ठेवतो आणि खालून बर्फ वितळवतो. गवताच्या पात्यांमध्ये हवा अडकलेली असते, ती जमिनीची ऊब वर येऊ देत नाही.

अजून थोडा भुरभुरत होता, म्हणून बाहेर जाऊन उभा राहिलो. काळ्या बाहीवर एक कण येऊन बसला. सहा हात, प्रत्येक हाताला बारीक फांद्या. श्वास रोखून पाहत होतो, तरी तो मिटलाच. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनेही प्रागच्या पुलावरून जाताना अंगरख्यावर असेच कण पाहिले होते. कोन सहाच का, पाच किंवा सात का नाहीत, या प्रश्नावर त्याने एक पुस्तिका लिहिली आणि १६११ साली नववर्षाची भेट म्हणून आपल्या मित्राला दिली. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात, हे उत्तर त्याच्यानंतर खूप उशिरा मिळालं. पण मित्राला द्यायला त्याला हाच विषय सुचला, हे मला फार आवडतं.

ऊन आलं आणि उघड्यावरचा बर्फ बघता बघता गेला. आता झाडाच्या बुंध्याची सावली पडते तेवढीच एक पांढरी पट्टी गवतावर उरली आहे. जिथे काळी सावली असायची तिथे पांढरी! ऊन सरकतंय तशी तीही एका कडेने झिजते आहे. इथेच थांबतो. ती जायच्या आत पुन्हा एकदा बाहेर जाऊन येतो.

तुझाच