मखमली रायडिंग हॅट रंगवताना निकामी झाल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मुलीची रायडिंग हॅट बदलून मिळण्याबाबत

महोदय,

माझी मुलगी महालक्ष्मी रेसकोर्सवर घोडेस्वारी शिकते. तिची काळी मखमली हॅट तीन वर्षांच्या उन्हाने आणि घामाने माथ्यावर विटून तांबूस झाली होती, म्हणून जूनमध्ये मी ती आपल्या दुकानात रंगवायला दिली. पावसात भिजून बसलेली लव किटलीच्या वाफेवर धरून मऊ ब्रशने उठवणे मी घरीच करते. पण वाफेने लव उठते, उडालेला रंग परत येत नाही, एवढ्याचसाठी आपल्याकडे यावे लागले. हॅट देताना मी काउंटरवर स्पष्ट सांगितले, आणि पावतीवर लिहूनही घेतले, की ही शोभेची टोपी नसून डोक्याचे रक्षण करणारे हेल्मेट आहे, तेव्हा आतल्या भागाला काहीही लावू नये.

आठवड्याने हॅट परत मिळाली ती काळीभोर होती, हे मान्य. मात्र बोट फिरवताच लव झुकण्याऐवजी टोचू लागली, शिवणीच्या कडेने रंगाचे थेंब वाळून बसलेले दिसले आणि अस्तर उचलताच थिनरचा उग्र वास आला. सोफ्याला मारतात तोच स्प्रे मारला, असे आपल्या कारागिरानेच सांगितले.

लव चिकटली याचे वाईट वाटते, पण माझी मुख्य तक्रार ती नाही. या हॅटच्या कवचाखालचा थर म्हणजे थर्माकोलच. डोके आपटले की तो स्वतः चेपून धक्का शोषतो. थर्माकोलवर थिनर पडला की काय होते, हे गणपतीची मखरे रंगवलेल्या कुणालाही विचारावे. आमच्या हॅटमध्ये डाव्या कानाच्या वर, अस्तराखाली, अंगठ्याच्या पेराएवढा खळगा पडला आहे. आतल्या कडेवरची पीएएस ०१५ या, घोडेस्वारीच्या हेल्मेटसाठीच्या ब्रिटिश सुरक्षा मानकाची चिठ्ठीही रंगाखाली गेली आहे. प्रशिक्षकांनी हॅट पाहून मुलीला घोड्यावर बसूच दिले नाही, आणि त्यांचे बरोबरच होते.

आपण ईमेलने कळवले की मखमल विटणे स्वाभाविक आहे, आणि पुढच्या कामावर २० टक्के सूट देऊ केली. मखमल विटली होती हे तर मीच सांगितले होते. ती रंगवताना जे बिघडले त्याबद्दल आपल्या उत्तरात एक अक्षर नाही. अशी हॅट साधारण ५ वर्षांनी, किंवा जोरात आपटल्यास लगेच, बदलावी असे सांगतात. ही एकदाही पडलेली नव्हती.

तरी त्याच मानकाची नवी हॅट किंवा तिची किंमत, आणि रंगकामाचे घेतलेले २,४०० रुपये, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यावेत. पुन्हा रंगवून देण्याचा प्रस्ताव कृपया पाठवू नये. या मुदतीत निर्णय न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागेल.

हॅट आहे त्याच स्थितीत डब्यात ठेवली आहे. आपल्या माणसाने पूर्वसूचना देऊन घरी येऊन ती तपासावी. लेखी पोच दिल्याखेरीज ती त्याच्या हाती दिली जाणार नाही.

सोबत : पावती, छायाचित्रे व आपल्या ईमेलची प्रत

आपली,
एक ग्राहक
दादर, मुंबई