ओरडल्याने हिमस्खलन होत नाही, दुरुस्ती छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला हिवाळी ट्रेकवरचा पानभर लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. बूट-जॅकेटची माहिती ठीक आहे, पण "बर्फाच्या उतारावर ओरडू नका, आवाजाने हिमस्खलन होतं" हे छापायच्या आधी कोणाला तरी विचारायला पाहिजे होतं. माणसाच्या आवाजाने बर्फ सुटत नाही हो, तो सुटतो वजनाने. नव्या किंवा वाऱ्याने साचलेल्या बर्फाची लादी खालच्या कच्च्या थरावर नुसती टेकलेली असते, माणसं चढली की मोडते. अपघातात सापडलेल्या बहुतेकांच्या बाबतीत ती त्यांनी स्वतः नाहीतर सोबतच्यांनीच मोडलेली असते.

हे मला माझ्या मुलीमुळे कळलं. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ती इथल्याच एका ग्रुपसोबत उत्तराखंडला गेली होती. रात्रभर बर्फ पडला आणि सकाळीच लीडरने १८ पोरापोरींना एकामागे एक चिकटून उभ्या उतारावरून आडवं नेलं, सांगितलं काय तर कोणी बोलायचं नाही! मध्येच पायाखाली धप्प आवाज झाला आणि बर्फात लांब भेग गेली. म्हणजे आतला थर बसला, तिथून त्या क्षणी निघायचं असतं. हे लोक पुढेच गेले. पोरगी स्टेशनवर उतरून हसत हसत सांगून राहिली होती, मी तिची सॅक हातात धरून तसाच उभा.

आयोजकाला फोन केला, बीकन (गाडलेला माणूस कुठे आहे ते सांगणारं सिग्नलचं यंत्र) होते का, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडी? म्हणे काका, आजवर काही झालं नाही, आणि फॉर्मवर तुमचीच सही आहे. सही माझीच होती. ते अजून टोचतं.

गाडलेल्या माणसाला पहिल्या १०-१५ मिनिटांत काढलं तर बहुतेक वाचतात, अर्ध्या तासानंतर फार थोडे. तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नाही, सोबतच्यांनीच शोधून खणायचं असतं, हाताने ते होत नाही कारण थांबलेला बर्फ घट्ट बसतो. आपण नागपूरकर नवतपात दुपट्टा बांधल्याशिवाय, खिशात कांदा ठेवल्याशिवाय पोराला बाहेर सोडत नाही, कारण ऊन आपल्याला कळतं. बर्फ कळत नाही, म्हणून तर पेपरवर भरवसा ठेवतो.

लेखात हे पाहिजे होतं: ३० ते ४५ अंशांचे उतार सगळ्यात धोक्याचे, मोठ्या बर्फानंतर निदान एक-दोन दिवस तिकडे जायचं नाही, जावंच लागलं तर एकावेळी एकाने ओलांडायचं. डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे काढते, ते आयोजकाने पाहिले का हे पालकांनी विचारायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का दांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली, ते तर शिकणारे-शिकवणारे लोक होते. आपली पोरं गुगल पे करून जातात.

आणि त्याच पानाखाली ट्रेकची अर्धा पान जाहिरात, "नवशिक्यांसाठी एकदम सेफ". जाहिरात घेताना दोन प्रश्न विचारत जा.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर द्या. मागे माझ्या पत्रातले आकडे जागेअभावी गाळले होते. यावेळी बाकी काहीही कापा, अंश आणि मिनिटं कापू नका.

आपला,
एक बाप, त्रिमूर्तीनगर, नागपूर