आई, गोळी बंद करू नकोस

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर आईला पाहिलं आणि जीव कासावीस झाला. ऐन वैशाखात अंगावर शाल, डोळ्यांखाली सूज, आवाज इतका घोगरा की मला वाटलं फोनच बिघडलाय. आज रिपोर्ट आला. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडली की रक्तात वाढतं ते, ४२. खूपच जास्त. मग तू सांगितलंस की दिवाळीनंतर थायरॉइडची गोळी बंदच केलीस, कारण तेव्हाचा रिपोर्ट नॉर्मल होता.

आई गं, तो नॉर्मल आला होता गोळीमुळेच! ताप उतरला की सोडावी अशातली ही गोळी नव्हे. गळ्यातली तुझी थायरॉइड ग्रंथी जे थायरॉक्सिन नावाचं हार्मोन पुरेसं बनवत नाही, तेच यातून पोटात जातं. सवय लागेल म्हणून घाबरतेस, पण ते मुळात आपल्या शरीराचंच आहे. १८९१ साली न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या याच ग्रंथीचा अर्क टोचला. तीही तुझ्यासारखीच सुजलेली, गारठलेली, थकलेली होती. पुढे ती आणखी २८ वर्षं जगली, उपचार चालू ठेवून. तुला तर सुईही टोचून घ्यायची नाही.

फक्त घ्यायची कशी ते नीट पाळ. उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. पहिला चहा उशिरा होणं तुला किती जड जातं हे मला ठाऊक आहे, तरीही. कॅल्शियमची गोळी तू हिच्याबरोबरच घ्यायचीस ना? ती आता रात्री जेवणानंतर. कॅल्शियम आणि लोह या गोळीला अंगात मुरू देत नाहीत, मध्ये किमान चार तास हवेत. आणि ती बाटली गॅसवरच्या फळीवरून आजच काढ. झाकण उघडं, खाली कुकरची वाफ. बेडरूमच्या कपाटात ठेव.

बाबा, बुडालेल्या गोळ्या भरून काढायला रोज दोन द्यायचं तुमच्या मनात आहे. कृपा करून नको. आईच्या हृदयाचा त्रास बघून डॉक्टरांनी मुद्दाम २५ मायक्रोग्रॅमपासून परत सुरुवात केलीय. डोस जास्त झाला तर धडधड वाढते, ठोके अनियमित होतात, हाडंही ठिसूळ होतात. ही गोळी अंगात सावकाश साठते, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासून काही कळणार नाही. सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं, मग डॉक्टरच डोस ठरवतील.

तोवर आईला लगेच तरतरी आली नाही तर तिला "उठ, चालायला लाग" म्हणू नका. ती आळस करत नाहीये, बाबा. गेले चार महिने आपण सगळेच तिला तसं म्हणत होतो, मीसुद्धा, आणि ते आठवून मला फार वाईट वाटतं.

पुढच्या शनिवारी मी येतेय. तोवर रोज गोळी झाली की कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारा, मी आल्यावर बघेन.

तुमची धाकटी