पालकमंत्री महोदय, आपण गेलात आणि मागोमाग कुंड्याही गेल्या

दिनांक : १९ सप्टेंबर

प्रति,
मा. पालकमंत्री महोदय यांस,

विषय : शहरातील बागांची निगा राखणाऱ्या टोळ्यांचे वेळापत्रक आणि त्याबाबत आपण दिलेला शब्द.

महोदय,

सादर नमस्कार. परवा, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण करून आपण आमच्या शहरातून पुढच्या कार्यक्रमाला गेलात. आपला ताफा चौकातून वळला, त्यानंतर तासाभराने एक टेम्पो आला आणि हुतात्मा स्मारकाच्या पायऱ्यांवर मांडलेल्या शेवंतीच्या व क्रोटनच्या कुंड्या उचलून घेऊन गेला. कुंड्या भाड्याच्या होत्या. उजवा हात प्लॅस्टरमध्ये असल्यामुळे पाहत बसण्याखेरीज मला सध्या दुसरे काम नाही, म्हणून हे सारे नीट पाहता आले. हे पत्रही मी सांगतो आहे आणि माझी नात लिहून घेते आहे.

हात मोडला तो १३ सप्टेंबरच्या सकाळी, सव्वासहाच्या सुमारास, या स्मारकाच्याच उद्यानात, मागच्या अंगाला. फिरण्याच्या वाटेवरचा एक फरशीचा ठोकळा गुलमोहराच्या मुळाने वर उचलला आहे आणि त्यावर हरळी इतकी माजली आहे की ठोकळा दिसत नाही. पाय अडकला, मी हातावर पडलो आणि मनगट मोडले. १३ सप्टेंबर ही तारीख मराठवाड्याला परकी नाही. १९४८ साली याच दिवशी भारतीय फौजा निजामाच्या हद्दीत शिरल्या आणि पाचव्या दिवशी हैदराबाद संस्थान शरण आले. एवढे मोठे काम पाच दिवसांत उरकले त्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या बागेतले गवत मात्र तीन महिन्यांत कापून होत नाही.

आपल्याला आठवत नसेल, म्हणून सांगतो. गेल्या वर्षी १७ सप्टेंबरलाच, स्मारकाच्या याच पायऱ्यांवर, मी आपल्याला एक पानी निवेदन दिले होते. त्यात पैसा मागितला नव्हता, नवी बाग मागितली नव्हती. कोणत्या बागेत कोणती टोळी कोणत्या वारी येणार आणि काय करणार, एवढे फाटकावर लिहून लावा, इतकीच विनंती होती. आपण निवेदन वाचलेत, मुख्याधिकाऱ्यांना जवळ बोलावलेत आणि चारचौघांत म्हणालात की पंधरा दिवसांत हे झाले पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्याच पंधरवड्यात, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरअखेर, मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, शेतेच्या शेते खरडून गेली आणि टोळ्या नाले मोकळे करायला लावल्या गेल्या. ते योग्यच होते, म्हणून दिवाळीपर्यंत मी तोंड उघडले नाही. त्यानंतर मात्र मी नगर परिषदेत अकरा वेळा गेलो. ऑनलाइन तक्रारही केली; तिचे 'निराकरण झाले' असा संदेश चौथ्या दिवशी माझ्या मोबाइलवर आला. निराकरण कशाचे झाले, ते आजवर कळलेले नाही.

अखेर माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तेव्हा वेळापत्रक आहे असे कळले. ते कपाटात होते. एका पानावर बारा महिन्यांचे बारा रकाने आणि प्रत्येक रकान्यात सारख्याच खुणा : गवत कापणे महिन्यातून दोनदा, छाटणी महिन्यातून एकदा, पाणी देणे दररोज. जुलै महिन्यातही पाणी देणे दररोज! मृगापासून पावसाने झोडपलेल्या बागेला टँकरने पाणी घालणारी नगर परिषद सबंध भारतात आमचीच असावी. एप्रिलमध्ये हेच टँकर भर दुपारी दीड वाजता येतात आणि हिरवळीवर ओततात त्यातले काही पाणी मुळांना लागण्याआधीच उन्हात उडून जाते. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथला कोणताही शेतकरी हे पाहून कपाळाला हात लावील.

महोदय, मी या विषयात अगदीच अडाणी नाही. १९७२ च्या दुष्काळात पंधराव्या वर्षी आईबरोबर खडी फोडायला गेलो होतो आणि पुढे रोजगार हमी योजनेवर हजेरी सहाय्यक म्हणून लागलो. दीडदोनशे मजुरांचा हजेरीपट रोज सकाळी भरायचा, कोणती टोळी कुठे लावायची ते मुकादमांना आदल्या संध्याकाळी सांगायचे आणि आठवड्याचे माप घेऊन मजुरी काढायची, यात माझी उमेदीची वर्षे गेली. तेव्हा ना संगणक होता ना मोबाइल. एक वही, एक टेप आणि कानामागे खोचलेली पेन्सिल एवढ्यावर काम चाले. तरीही उद्या कुठे जायचे आहे, हे प्रत्येक मजुराला रात्री झोपण्याआधी माहीत असे. आमच्या शहरातल्या बागकाम करणाऱ्या बाईला मी मागच्या महिन्यात विचारले, तेव्हा ती म्हणाली, "काका, सकाळी मुकादमाचा फोन आल्याबिगर आमालाच म्हाईत नसतंय कुठं जायचंय ते."

आता हिशेब सांगतो. शहरात चौदा बागा आहेत. कार्यालयातले एक लिपिक सोळा म्हणतात, पण उरलेल्या दोन मला सापडल्या नाहीत. त्यांच्यासाठी अकरा माणसांची एकच टोळी आहे आणि त्या अकरांत सात बायका आहेत. ही सगळी माणसे एका टेम्पोतून साडेदहाला एकाच बागेत उतरतात. गवत कापायची यंत्रे दोन, त्यांपैकी एक बहुधा नादुरुस्त असते. चौघी खुरप्याने उकरत बसतात आणि बाकीचे यंत्रातले पेट्रोल संपायची वाट पाहतात. एका बागेला दोन दिवस धरले तर चौदा बागांना अठ्ठावीस कामाचे दिवस, म्हणजे सुट्या धरून जेमतेम पाच आठवडे लागतील. पण १ जून ते १५ ऑगस्ट मी रोज वहीत नोंद ठेवली. एवढ्या काळातले तेवीस दिवस ही टोळी बागेत नव्हतीच. कधी हेलिपॅडच्या कडेचे गवत, कधी विश्रामगृहासमोरचे दुभाजक, कधी सभामंडपामागची झाडलोट. त्यामुळे एका बागेची पाळी यायला सात आठवडे लागतात. त्या तेवीस दिवसांपैकी किती आपल्या दौऱ्यांचे होते, ते मी मोजले आहे. इथे लिहीत नाही, कारण नात नको म्हणते.

सात आठवड्यांचा अर्थ काय होतो, तो गाजरगवताला विचारावा. हे तण उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलावर येते आणि एकेक झाड हजारो बिया टाकते. फुलण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटले तरच उपयोग होतो. वरून यंत्र फिरवले तर बुडखा पुन्हा फुटतो आणि फुलावर असताना फिरवले तर आपणच बियाणे पसरवून देतो. आमची टोळी नेमकी फुलल्यावर येते आणि यंत्र फिरवते. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजरगवत जागृती सप्ताह असतो. यंदा त्याचा फलक आमच्या बागेत कमरेएवढ्या गाजरगवतात उभा होता. माझ्या पत्नीच्या मानेवर आणि कोपरांच्या आतल्या बाजूला दर श्रावण-भाद्रपदात लाल चट्टे उठतात, रात्र रात्र ती खाजवत बसते, आणि त्वचेच्या डॉक्टरांनी कारण सांगितले ते हेच. तिने बागेत जाणे सोडले. आता मीही सोडले, फरक एवढाच की मला मोडून सोडावे लागले. एका हाताने भाकरी मोडता येते, पाजाम्याची नाडी मात्र बांधता येत नाही. पन्नास वर्षे कोणापुढे हात न पसरलेल्या माणसाला रोज सकाळी तेवढ्यासाठी बायकोला हाक मारावी लागते, याची नोंद आपल्या कोणत्याही नमुन्यात होणार नाही.

मागणी साधी आहे. अकरांच्या तीन टोळ्या करा, चार, चार आणि तीन. प्रत्येकीला चार-पाच बागा कायमच्या नेमून द्या, म्हणजे सात आठवड्यांतून एकदा अकरा माणसे येण्याऐवजी दर आठवड्याला तीन-चार माणसे येतील आणि बाग त्यांच्या ओळखीची होईल. कुठला ठोकळा उचलला आहे, कुठली फांदी लोंबते आहे, हे रोजच्या माणसालाच दिसते. शेतकरी सोयाबीन पेरल्यावर तिसऱ्या आठवड्याच्या आत कोळपे घालतो, सातव्या आठवड्याची वाट पाहत नाही. कारण तोवर पीक तणाखाली गेलेले असते. पावसाळ्यात गवत दहा-बारा दिवसांनी कापावे लागते, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पुरते. तेव्हा जूनपासून मनुष्यबळ गवताकडे वळवावे आणि उन्हाळ्यात तेच पाण्याकडे व झाडांभोवतीच्या आळ्यांकडे लावावे. सुकलेल्या आणि धोक्याच्या फांद्यांची छाटणी पावसाआधी आटोपावी. दौऱ्यासाठी माणसे लागणारच असतील तर ती वेगळी लावा, वेगळ्या खर्चातून, आणि तो खर्च कागदावर दिसू द्या.

पैसा नाही, हे उत्तर मला देऊ नये. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपणच आहात. त्या निधीतून आमच्या उद्यानाला दगडी कमान झाली, रंगीत कारंजे झाले, व्यायामाची साधने आली. फलकावरची रक्कम उन्हाने उडाली आहे. कोणी ऐंशी लाख सांगते, कोणी सव्वा कोटी. मी सव्वा कोटीच धरतो, माझा राग तेवढा आहे. कारंजे उद्घाटनानंतर दोन महिने चालले, आता त्यात डास आहेत. बांधायला पैसा मिळतो कारण बांधकामाला फीत कापता येते. खुरप्याला फीत बांधायची पद्धत अजून निघालेली नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवायच्या अठरा विषयांत बागा आणि खेळाची मैदाने बाराव्या क्रमांकावर आहेत. ही अनुसूची आणणारी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे, आणि इतक्या वर्षांत आमच्या नगर परिषदेपर्यंत बहुधा अकराच विषय पोचले आहेत.

ज्यांनी हे काम करायचे, त्या अकरा जणांची दोन महिन्यांची मजुरी थकली आहे, असे त्या बागकाम करणाऱ्या बाईने सांगितले. ठेकेदार म्हणतो बिल निघाले नाही, कार्यालय म्हणते ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे इथे नगर परिषदेवर येते, हे १९७० सालच्या कंत्राटी कामगार अधिनियमात स्पष्ट लिहिले होते आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेतही ते आहे. आमच्या काळी मजुरी आठवडाभर लांबली तरी मजूर तहसीलवर जाऊन बसत आणि तहसीलदार चहा सोडून बाहेर येत. आता विचारायचे कोणाला? इतकी वर्षे प्रशासक होते, तेव्हा उत्तर मिळे की नगरसेवक नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होऊन नगरसेवक आले, तर उत्तर मिळते की ठेका जुना आहे. मराठवाड्याच्या अनुशेषासाठी १९९४ साली वैधानिक विकास मंडळ झाले, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सिंचनाचा आणि रस्त्यांचा अनुशेष त्या मंडळापुढे मोजला तरी जाई. गवताचा अनुशेष मोजणारे मंडळ कधी नव्हतेच.

१५ आणि १६ सप्टेंबरच्या रात्री हॅलोजन लावून याच टोळीने फाटकापासून स्मारकापर्यंतची वाट चकचकीत केली, झाडांना गेरू आणि चुना लावला आणि आपण जिथवर चालणार होतात तिथवरचेच गवत कापले. कापलेल्या आणि न कापलेल्या गवताची सीमा आजही दोरी लावल्यासारखी सरळ दिसते. म्हणजे टोळीला काम येते, वेळेत करता येते आणि नियोजनही जमते. मी पडलो ती जागा त्या सीमेपासून तीस पावलांवर आहे. ठोकळा अजून तसाच आहे.

फाटकाशी आपल्या छायाचित्राचा आठ फुटी लोखंडी फलक उभा आहे. त्याची आतली बाजू कोरी आहे. नवा फलक करायला निविदा लागेल आणि आणखी एक वर्ष जाईल, म्हणून वेळापत्रक त्या कोऱ्या बाजूवर रंगवून घ्यावे : बागेचे नाव, टोळीचा मुकादम, वार, काम. मजकूर मी तयार करून ठेवला आहे. माझे प्लॅस्टर ऑक्टोबरच्या अखेरीस निघणार आहे. रंगाऱ्याला अक्षर पसंत पडले नाही, तर त्यानंतर मी स्वतः लिहून देईन.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त हजेरी सहाय्यक