हापरांदाच्या सीमा-सल्लागार ताईंना

प्रिय ताई,

सीमेपलीकडच्या नोकरीच्या गुंत्यातून तुम्ही आम्हाला बाहेर काढलंत, त्याचे आभार मी तुम्हाला स्वीडिशमध्ये वेगळे लिहून दिलेच आहेत. तरी मराठीतही लिहितेय, कारण लुलेओ, किरुना, औलू अशा स्वीडन-फिनलंडच्या उत्तरेकडच्या गावांत नोकरीसाठी येणाऱ्या आपल्या माणसांना तुमचं काम ठाऊक व्हायला हवं.

आम्ही स्वीडनच्या हापरांदात राहतो आणि यांची नोकरी पलीकडे, फिनलंडमधल्या तोर्निओच्या पोलाद कारखान्यात. १८०९ मध्ये स्वीडनला फिनलंड रशियाच्या हवाली करावा लागला. तोर्निओ पलीकडे गेलं, म्हणून अलीकडे हापरांदा उभं राहिलं. आज या दोन्ही गावांचं सांडपाणी एकाच केंद्रात शुद्ध होतं आणि रोज पलीकडे जाताना यांना घड्याळ तेवढं एक तास पुढे धरावं लागतं. आम्हाला वाटलं, नोकरीचंही असंच सोपं असेल.

तसं नव्हतं. धाकटीचा बालभत्ता, म्हणजे मुलांसाठी सरकारकडून मिळणारे पैसे, अचानक थांबला. एक कार्यालय म्हणे, आधी पलीकडचा निर्णय आणा. पलीकडचं म्हणे, अलीकडचा दाखला आणा. या टोलवाटोलवीत महिने गेले. मी तेव्हा घरीच होते, एकाच पगारावर सगळं चाललं होतं, आणि मला फिनिशचा गंधही नव्हता.

मग कुणीतरी तुमच्याकडे पाठवलं. नूर्दकालोत्तेन सीमा सेवा: स्वीडन, फिनलंड आणि नॉर्वे या तिन्ही देशांच्या उत्तर टोकाला ये-जा करून जगणाऱ्यांसाठी नॉर्डिक मंत्रिपरिषदेच्या पैशांतून चालणारी, सल्ल्यासाठी एक पैसाही न घेणारी. तुम्ही कोरा कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि आमचा संसार दोन बाजूंना मांडून दाखवलात. नॉर्डिक कर-कराराप्रमाणे सीमेलगतच्या गावात राहून पलीकडच्या सीमेलगतच्या गावात काम करणारा आणि नियमित घरी परतणारा माणूस कर भरतो तो राहत्या देशात. सामाजिक विमा मात्र युरोपीय नियमांनुसार कामाच्या देशात. म्हणजे यांचा कर स्वीडनला, विमा फिनलंडला. आणि माझी नोकरी नसल्यामुळे बालभत्त्याची पहिली जबाबदारीही फिनलंडची. स्वीडनची रक्कम जास्त असेल तर वरचा फरक स्वीडननं द्यायचा. इतकं सरळ आम्हाला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

निर्णय तुमच्या हातात नव्हता, हे तुम्ही आधीच स्पष्ट केलंत. पण दोन्हीकडे फोन लावलेत, एकीकडे स्वीडिशमध्ये, दुसरीकडे फिनिशमध्ये, आणि कोणता अर्ज आधी जायला हवा ते ठरवून दिलंत. शिवाय दरमहा स्वीडनचा आगाऊ कर आपला आपण भरायचा असतो, हेही सांगितलंत. ते कळलं नसतं तर वर्षअखेरीस मोठी रक्कम एकदम अंगावर आली असती.

२०२० च्या वसंतात सीमा बंद झाली, दोन गावांमधल्या चौकात कुंपण आलं. तेव्हा कामावर जायला कोणते कागद लागतील हे विचारायला सगळं गाव तुमच्याकडे वळलं. तुमचा आवाज थकलेला असायचा, तरी एकही प्रश्न तुम्ही अर्ध्यावर सोडला नाहीत.

आमचं प्रकरण निकाली निघाल्यावर तुम्ही विचारलंत, हा अनुभव नाव न देता पुढे कळवू का? नॉर्डिक देशांचं सीमा-अडथळे दूर करणारं मंडळ २०१४ पासून काम करतंय आणि तुमच्यासारख्या सल्लागारांकडून आलेल्या तक्रारी तिथे पोचतात, हे मला तेव्हा कळलं. एका कुटुंबाचं काम झालं की फाइल मिटवणं सोपं असतं. तुम्ही ती पुढच्या कुटुंबासाठी उघडी ठेवलीत, म्हणून तुमच्याबद्दल मनात फार मोठा आदर आहे.

आता पेन्शनचा प्रश्न आहे. यांची काही वर्षं स्वीडनची, बाकीची फिनलंडची. पुढच्या आठवड्यात दोन्हीकडचे कागद घेऊन आम्ही दोघंही येतोय. सोबत चिवड्याचा डबा आणते, तेवढा मात्र नाही म्हणू नका.

तुमची ऋणी,
हापरांदाची एक मराठी शेजारीण